बाबांनी स्वतःच विचारलंय, "माझं कसं करणार?" अंत्यविधीबद्दल माहिती आणि अनुभव हवेत

सावनी_वाई · ११ जानेवारी, रात्री ११:५०

विषय अवघड आहे, कोणाला वाचवत नसेल तर पुढे जा, राग नाही.

बाबा ८२ वर्षांचे. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी असतात, झेडपीच्या शाळेत मास्तर होते. फुप्फुसं गेली चार वर्षं साथ देत नाहीयेत, दिवसातले बरेच तास ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं की आता महिने मोजायचे. मी घरी आले तर बाबा खाटेवर बसून म्हणतात, डॉक्टर काय म्हणाला ते मला कळलंय, आता सांग माझं कसं करणार? मला काही बोलताच येईना. मग त्यांनीच सांगितलं, थांबवून ठेवू नका, दादासाठी बर्फात ठेवू नका, मडकं तू धर, आईच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही, आणि भाषणं नकोत.

दादा टोरोंटोला आहे, निघाला तरी दीड दिवस कुठे गेला नाही. काका (बाबांचे धाकटे भाऊ) गावात, भावकीत त्यांचा शब्द चालतो आणि त्यांना सगळं रीतीप्रमाणे पाहिजे. मला तर रीत म्हणजे नक्की काय हेच माहीत नाही, आजी गेली तेव्हा मी नववीत होते आणि आम्हा मुलींना शेजारच्या घरात नेऊन बसवलेलं. काय काय असतं, का असतं, त्यातलं काय सोडलं तर चालतं, आणि कोरडं न वाटता नीट निरोप कसा द्यायचा? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

खडूस_आजोबा · १२ जानेवारी, सकाळी ६:१०

तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. आमच्या हिने मला काही सांगितलंच नाही, मी अजून अंदाज करत बसतो.

भावनेचं इतर लोक सांगतील, मी कागदांचं सांगतो. घरी मृत्यू झाला तर जो डॉक्टर उपचार करत होता त्याच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, फॉर्म ४अ. (हॉस्पिटलमधे गेले तर फॉर्म ४, तो तेच देतात.) पहाटे तीनला अनोळखी डॉक्टर शोधत फिरलात तर तो सही करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून आत्ताच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, रात्री फोन केला तर याल का, तुम्ही नसलात तर कोण येईल. शहरात या दाखल्यावर स्मशानाचा पास मिळतो. गावात ग्रामपंचायतीत नोंद करायची, २१ दिवसांच्या आत, पुढे गेलं की लेट फी आणि परवानग्या. मृत्यू दाखल्याच्या प्रती एकदमच दहा-पंधरा काढा. बँक, पेन्शन, सात-बारा, गॅस, सगळे मागतात आणि झेरॉक्सला नाक मुरडतात.

आणि हो, या इच्छा मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, ते पाकीट लोक तेराव्यानंतर उघडतात. साध्या वहीत लिहून घ्या, खाली सही, आणि ती वही कुठे आहे हे तिघांना माहीत पाहिजे.

शुभंकर७७ · १२ जानेवारी, सकाळी ९:०२

जिवंत बापाच्या तेराव्याचं प्लॅनिंग!! शुभ बोला जरा. काय दिवस आलेत.

सावनी_वाई · १२ जानेवारी, सकाळी ९:३०

बाबाच बोलतायत हो, मी फक्त ऐकतेय.

@आजोबा, वहीचं आजच करते.

गुरुजींचा_धाकटा · १२ जानेवारी, दुपारी १:१५

वडील याज्ञिकी करायचे, मीही पंधरा वर्षं केली, आता नोकरी करतो पण ओळखीत कोणी गेलं की बोलावणं येतंच. सावनीताई, क्रम सांगतो, आमच्याकडचा. घराघरात फरक असतो, गावागावात तर असतोच, त्यामुळे "आमच्यात असं नाही" म्हणणारा प्रत्येक जण खरं बोलत असतो.

प्राण गेला की जमिनीवर घेतात, डोकं दक्षिणेला, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल. अंघोळ घालून नवं वस्त्र. बाहेर तिरडी बांधतात, त्याला बांबू, कामट्या, सुतळी, पांढरं कापड. मडकी किमान दोन लागतात आणि लोक तिथेच घोळ घालतात. एक विस्तवाचं, घरून निघताना शिंकाळ्यात धरून पुढे चालायचं ते. दुसरं पाण्याचं, स्मशानात खांद्यावर घेऊन फिरायचं ते. वाटेत एका जागी तिरडी खाली टेकवून खांदेकरी बदलतात, तो विसावा. चितेभोवती तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला मागचा माणूस मडक्याला दगडाने भोक पाडतो, धार पडत राहते, शेवटी मागे न बघता मडकं खाली टाकायचं. तो दगड म्हणजे अश्मा. तो हरवायचा नाही, दहाव्यापर्यंत त्याच्यावरच तिलांजली देतात. लोक हमखास हरवतात, मग आदल्या रात्री आम्हाला फोन येतो.

तिसऱ्या दिवशी सावडणं, म्हणजे राख-अस्थी गोळा करणं. दहाव्याला नदीवर पिंड आणि काकस्पर्श. अकरावा, मग बारावा म्हणजे सपिंडीकरण, गेलेला माणूस पितरांच्या ओळीत बसतो तो दिवस. तेराव्याला निधनशांती आणि गोडाचं जेवण, घर परत सुरू करायचं. घरात दहा दिवस दिवा ठेवतात त्याची वात दक्षिणेकडे.

आता तुमचा खरा प्रश्न. मुलीने मडकं धरणं शास्त्राबाहेर आहे असं कोणी म्हणालं तर माझं नाव सांगा. क्रिया करणाऱ्यांचा क्रम दिलेला आहे, त्यात मुलगा, नातू, पणतू यांच्या पाठोपाठ बायको आणि मुलगी येतातच. मुलगा परदेशात, म्हणजे हजर नाही, विषय संपला. गंमत म्हणजे लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवस सांगितलंय, तेव्हा भावकीतली एखादी बाई नक्की म्हणणार, तुला काय तीनच दिवस. उत्तर तयार ठेवा.

काय सोडता येईल? खरं सांगू, दानांची लांब यादी बिनधास्त सोडा. शय्यादान, गोदान, छत्री-चप्पल. माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण कर्ज काढून गादी दान केलेली घरं बघितलीत मी. हाताने करायच्या गोष्टी मात्र सोडू नका, अंघोळ घालणं, खांदा, सावडणं. त्या वेळी माणसाला हातात काहीतरी काम लागतं.

पंचगंगेकाठचा · १२ जानेवारी, संध्या. ७:४५

धाकटे गुरुजी, एक नंबर लिव्हलंय.

आमच्या कोल्हापुरात लाकडाबरोबर शेणी (गोवऱ्या) वापरत्यात, महापालिकेच्या पंचगंगा स्मशानात दहन फुकट होतंय, आणि होळी आली की तालमी-मंडळं म्हणत्यात होळी ल्हान करा आणि शेणी स्मशानाला द्या, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या जात्यात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत न्हाई.

गावाकडं आमच्यात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, तिथंच बरेच जण सगळं आटपत्यात आता. आणि राख नदीत सोडायची बंद केली बऱ्याच घरांनी, शेताच्या बांधावर खड्डा काढायचा, त्यात राख, वर झाड. माझ्या आज्ज्याच्या राखंवर जांभळ लावलीय, बारा वर्षं झाली, आता पोरं वर चढून बसत्यात आणि आज्जी खालनं वराडती, आज्ज्याच्या अंगावर नाचू नका रं.

भाषणाचं मात्र तुमचे बाबा बरोबर बोलले. आमच्यात रक्षाविसर्जनाला पुढारी येतोय, मयताचं नाव चिठ्ठीवर बघून घेतोय आणि पाऊण तास स्वतःवर बोलतोय. ऊन डोक्यावर, घरातली माणसं उपाशी.

निशिगंधा_म · १२ जानेवारी, रात्री १०:२०

आईच्या बांगड्यांबद्दल लिहिलंस म्हणून लिहितेय, नाहीतर हे मी कुठे बोलत नाही.

माझे वडील गेले तेव्हा दहाव्याच्या आदल्या दिवशी आईच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं, आणि दहाव्याला नदीवर नेऊन ते सगळं काढलं, दगडावर हात ठेवून फोडल्या बांगड्या, एक काच मनगटात गेली. मी तिथेच उभी होते, एम.ए. झालेली, नोकरी करणारी, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही कारण हे होणार हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. सगळं दहा मिनिटांत झालं. आईने नंतर कधी तो विषय काढला नाही आणि मनगटावरचा व्रण मात्र अजून आहे.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मधे ग्रामसभेत ठराव करून हे बंद केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळंच. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक प्रिंट काढून ठेव, पण खरं सांगू का, कागदाने थांबत नाही. भावकीतली सगळ्यात म्हातारी जी बाई असेल, जिच्या खुणेवर बाकीच्या उठतात, तिच्याशी आत्ता बोल. बाबांच्या तोंडून तिला ऐकव. बायकांच्या घोळक्यात कोणी आईचा हात धरायला आलं की बाबांचा शब्द आहे असं त्या म्हातारीने म्हणायला पाहिजे, तू म्हणून उपयोग नाही.

सावनी_वाई · १२ जानेवारी, रात्री ११:०५

निशिगंधा, काय लिहू. ती बाई आमच्याकडे जनाआत्या. या रविवारी बोलवते तिला.

एनजे_मावशी · १३ जानेवारी, सकाळी ७:३०

मी तो दादा आहे. म्हणजे मी ती मुलगी आहे जी पोचली नाही. आई नागपूरला गेली, मी न्यू जर्सीत, थांबू नका म्हणून मीच सांगितलं, आणि आजही वाटतं बरोबर केलं. पण एक गोष्ट सांगते ती कोणाच्या डोक्यात येत नाही. व्हिडिओ कॉलचा फोन कोण धरणार ते आधी ठरवा. माझ्या चुलतभावाने धरला होता, त्यालाच रडू फुटलं आणि मला वीस मिनिटं लोकांच्या चपला आणि मांडवाचा खांब दिसत राहिला. घरातला नको, शेजारचा एखादा शांत मुलगा बघा, पॉवर बँक द्या त्याला. आणि निघायच्या आधी फोन आईच्या कानाशी दोन मिनिटं नुसता ठेवा, आजूबाजूच्यांनी बाहेर जायचं. मला ते मिळालं नाही.

अस्थींचा थोडा भाग दादासाठी ठेवा. तो महिन्याने आला तरी त्याला स्वतःच्या हाताने करायला काहीतरी राहील.

इथलं म्हणाल तर फ्युनरल होममधे चार-पाच दिवसांनी दोन तासांचा स्लॉट मिळतो, धोतर नेसवून पेटीत ठेवतात, गुरुजी भराभर म्हणतात आणि शेवटी घरातला माणूस बटन दाबतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा शहारे आले. पण त्या दोन तासांत प्रत्येक जण उठून आठवण सांगतो, मुलं-नातवंडं सुद्धा, ते मला आपल्याकडच्यापेक्षा बरं वाटतं.

भीमाईचा_लेक · १३ जानेवारी, दुपारी १२:१०

आमच्यात हे आठवण सांगणं आहेच की. बौद्ध पद्धतीत दहाव्या-तेराव्याची पिंडं, कावळा असं काही नाही. अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील, मग काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, जलदान विधी. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतत राहतात, भरून वाहेपर्यंत, भंतेजी किंवा बौद्धाचार्य गाथा म्हणतात. लहानपणी मला त्या पाण्याचा आवाज फार आवडायचा, वडिलांच्या वेळी तोच आवाज ऐकताना हात थरथरत होते.

एक टिप. माईक कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवा. आम्ही वडिलांच्या वेळी सांगितलं की फक्त त्यांच्याबरोबर काम केलेले लोक बोलतील, गिरणीतले तिघे आले, एक जण फक्त एवढंच बोलला की याने माझी रात्रपाळी सहा महिने केली, माझं पोरगं आजारी होतं तेव्हा. आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आणि मुलीने मडकं धरण्यावरून भावकी काही बोलली तर सांगा, १८९० साली जोतिबा फुले गेले तेव्हा टिटवं (तेच विस्तवाचं मडकं) हातात घेऊन पुढे सावित्रीबाई चालल्या होत्या. तुमच्या वाईपासून पुणं काय लांब नाही.

शुभंकर७७ · १३ जानेवारी, दुपारी १२:४०

सगळ्या रूढी मोडायच्या ठरवल्यात तर देहदानच करा ना सरळ.

आयसीयूवाली · १३ जानेवारी, दुपारी ३:२५

टोमणा असला तरी मुद्दा चांगला आहे, सिरियसली घेऊ. देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे झालं असं नसतं, शेवटी घरच्यांची संमती आणि घरच्यांचा फोन लागतो. शक्य तितक्या लवकर, काही तासांत मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात न्यावं लागतं, आधी फोन करून विचारा. पोस्टमॉर्टेम झालेलं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर घेत नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची देहदानाची इच्छा होती, पण २०१३ मधे त्यांचा खून झाला, पोस्टमॉर्टेम करावं लागलं आणि ते राहूनच गेलं. मग साताऱ्यात त्यांच्या मुलीने, मुक्ताने अग्नी दिला, विधी काही नाही, आणि राख शेतात टाकली. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण.

नेत्रदान मात्र सहज होतं आणि त्याने बाकी कुठलाच विधी अडत नाही. साधारण सहा तासांच्या आत. तोपर्यंत पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद, उशी थोडी उंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, डायबेटिस असला तरी चालतं. बाबांना विचारून बघा.

तिखट_मेथी · १३ जानेवारी, रात्री ९:००

इतकं गंभीर चाललंय म्हणून एक सांगू का. आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. दीड तास. सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केलं, धाकटीचं लग्न करू, देवळाचा कळस करू, कावळा झाडावर बसून नुसता बघतोय. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला तेवढ्यात आमचे थोरले काका पुढे झाले, घसा खाकरून म्हणाले, आबा, सोसायटीचं कर्ज मी फेडीन. फाडकन खाली आला. काकू घरी येईपर्यंत काकांशी बोलली नाही, पण कर्ज मात्र फेडलं हं त्यांनी. चारचौघांत नदीवर बोलले होते, करणार काय.

तात्पर्य नाही काही. @सावनी, तुझे बाबा शाळेत काय शिकवायचे गं? म्हणजे लोकांना ते कशासाठी आठवतात? भाषणं नकोत म्हणतायत तर दुसरं काहीतरी असेल ना त्यांचं.

सावनी_वाई · १४ जानेवारी, रात्री १२:१५

गणित. आणि सगळ्या तालुक्याला ते आठवतात ते पावकी-निमकी-दिडकीसाठी, म्हणजे पाव, अर्धा, दीडच्या पाढ्यांसाठी. चौथीच्या मुलाला दिडकी आली नाही तर घरी सोडायचे नाहीत, स्वतः पण थांबायचे, डबा वाटून खायचे. अजून एसटीत कोणी भेटलं की पाया पडायच्या आधी विचारतात, नऊ दिडे? (साडेतेरा. मलाही विचारतात अजून.)

तिखट_मेथी · १४ जानेवारी, सकाळी ८:४०

मग मिळालं की.

सावनी_वाई · २ मार्च, रात्री १०:३०

खूप दिवसांनी लिहितेय. बाबा ९ फेब्रुवारीला पहाटे गेले, घरीच, झोपेत. डॉक्टरांना फोन केला, अर्ध्या तासात आले, ४अ दिला. आजोबा, तुमचे किती आभार मानू, त्या वेळी मला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, वही मात्र कपाटात वरच्या खणात हे आठवलं.

नेत्रदानाला बाबा हो म्हणाले होते, टीम साडेआठला येऊन गेली. दादासाठी फोन बाबांच्या कानाशी ठेवून आम्ही सगळे पडवीत आलो. आतून काही ऐकू येत नव्हतं, दहा मिनिटं झाली तरी कोणी आत जाईना. मग समोरच्या अथर्वने शेवटपर्यंत फोन धरला, अकरावीतला मुलगा, एकदासुद्धा हलला नाही.

काका सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हते. तिरडी त्यांनीच बांधली, गावात तशी गाठ दुसऱ्या कोणाला येत नाही. मी मडकं उचललं तर शिंकाळं एका बाजूला कलंडलं, विस्तव माझ्या पायावर पडणार एवढ्यात त्यांनी हात घातला, आणि कोणाकडे न बघता म्हणाले, असं नाही, दोरी वरून धर, आणि हळू चाल, तुझ्या बापाला घाई नव्हती कधी. विसाव्यापर्यंत माझ्या बाजूने चालले. फेऱ्यांच्या वेळी मडक्याला दगड त्यांनीच मारला. अश्मा दहा दिवस त्यांच्याच खिशात होता, माझ्यावर विश्वास नाही म्हणाले.

जनाआत्याने आईजवळ ठाण मांडलेलं. कोणीतरी चुड्याचं काढलं, आत्या म्हणाली मास्तरांनी मला चहा पाजून सांगितलंय, आणि पुढे कोणी बोललं नाही. आईच्या हातात तिच्या रोजच्याच बांगड्या आहेत. कुंकू मात्र तिने स्वतःच लावायचं सोडलं, मी दोनदा म्हणलं, मग गप्प बसले. तिचं ती बघेल.

दहाव्याला कृष्णेवर दीडशेक माणसं होती. पुढारी आला होता, काकांनी त्याला नारळ देऊन बसवलं. पिंडाला कावळा लगेच शिवला. मग बाबांच्या पहिल्या बॅचचा एक जण उठला, सत्तरीचा असेल, शेतकरी, त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं, फक्त मास्तरांना भाषण नको होतं एवढं कळलं होतं. हात बांधून उभा राहिला आणि मोठ्याने, बे दिडे तीन, तीन दिडे साडेचार. दुसऱ्या ओळीपासून सगळा घाट म्हणायला लागला, बायका पण. सात दिड्याला अर्धे लोक चुकले. मागून काका ओरडले, साडेदहा रे गाढवांनो.

राख मळ्यात, तिथे आंबा लावलाय, तुमच्या जांभळीवरून सुचलं @पंचगंगेकाठचा. दादा २० ला आला, त्याच्यासाठी ठेवलेल्या अस्थी त्याने वाईला सोडल्या. गुरुजींचा_धाकटा, दानं सगळी कापली, त्या पैशातून शाळेला पाण्याची टाकी दिली, फक्त छत्री दिली कारण आईला ती द्यायचीच होती.

गुरुजींचा_धाकटा · २ मार्च, रात्री ११:१०

छत्री बरोबर आहे.

खडूस_आजोबा · ३ मार्च, सकाळी ६:०५

वाचलं. माझीही वही केली काल. फॅमिली पेन्शनसाठी तुमच्या आईंच्या नावाचा अर्ज केला का? पीपीओ (पेन्शनचा आदेश), मृत्यू दाखला, जॉइंट फोटो, बँक पासबुक घेऊन जा, आईंना बरोबर न्यावं लागेल.

सावनी_वाई · ३ मार्च, सकाळी ९:२०

सोमवारी जातोय. जॉइंट फोटो सापडत नाहीये, १९८७ चा एक आहे त्यात बाबा हसतायत, चालेल का?

खडूस_आजोबा · ३ मार्च, सकाळी ९:२५

न्या. नाही म्हणाले तर मला फोन करा, मी बोलतो त्यांच्याशी.